पाहुण्यांपासून लपवलेला पंप

आई गं,

उद्या तुझ्या नातीला, मुक्ताला बघायला मानवतचे पाहुणे येणार आहेत. आज घर आवरताना तिचा दम्याचा पंप खिडकीतून उचलला आणि पिठाच्या डब्यामागे सारला. हात मागे घेतला आणि तू आठवलीस. माझ्या वेळी तू हेच तर केलं होतंस!

आठवतं? घरात आढ्यापर्यंत कापूस रचलेला, त्यानं तुझी छाती वाजत होती. तरी तुझा पंप ज्वारीच्या पोत्यांमागे गेला. "कळलं तर पोरीलाबी दमा हाय म्हनतील," म्हणालीस. पाहुणे दोन तास बसले आणि तू पदर तोंडाला लावून खोकला दाबत राहिलीस. लग्न जमो न जमो, ते एकदाचे उठावेत एवढंच मला वाटत होतं.

पुढं मुक्ताला दमा निघाला, तेव्हा किती जपलंस तिला! धाप लागली की आधी पंप द्यायचीस, मग बशीत चहा ओतून तिच्यापुढं धरायचीस. "घाबरू नगंस. ओठाचा चंबू कर, हळूच फुंक. च्या सांडायला न्हाई पाहिजे." फुंकर घालता घालता पोर हसायला लागायची आणि श्वास जागेवर यायचा. जिंतूरच्या डॉक्टरांनाही तुझं कौतुक वाटलं होतं.

आणि स्वतःचं काय गं? बरं वाटलं तरी रोजचा पंप चुकवायचा नाही, हे तिला तूच बजावायचीस. तुझे मात्र आठ दिवस बरे गेले की पंप बंद! "आता बरं वाटायलंय की. कशाला सवय लावून घेऊ?" किती वाद घातला मी तुझ्याशी. अजून घालायला हवा होता का?

मघाशी मुक्ता पंप शोधत आली. डब्यामागे सापडला, तरी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आई, लग्न झाल्यावर मी ह्याला कुठं लपवू?"

म्हणून तुला शब्द देते. उद्या पोह्यांच्या आधी मीच विषय काढीन. मुलीला दमा आहे, ती रोज पंप घेते आणि घरचं, कॉलेजचं सगळं नीट करते, हे स्पष्ट सांगेन. जमलं तर जमलं. आणि आजी कशानं गेली असं कुणी विचारलं, तर दम्यानं म्हणेन. तीन वर्षं झाली, मी सगळ्यांना हार्ट अटॅक सांगत आलेय, आई.

तुझीच,
सुमन