तिसरी बुडी

बाबूजी, माय गेली. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या एकाच गोष्टीच्या पोटात आहे. दरेकशाच्या टेकडीखाली तुमच्या बाजूलाच पुरलं तिला. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते आणि धाकटा मायच्या कडेवर. आता मला चष्मा लागलाय, गुडघे बोलतात, आणि गोंदियातल्या एका राईस मिलच्या ऑफिसात दिवसभर हिंदी बोलून तोंडाची चवसुद्धा हिंदी झाली आहे. मेलेल्यांशी बोलायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. पण ज्या गोष्टीवरून हे सगळं झालं ती या घरात तुम्हीच आणली होती. तेव्हा आता ऐकून तरी घ्या.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तिघं, आणि तरी देव एकच. आठवडाभर खांद्यावर हातोडा घेऊन रूळ तपासत फिरणारा तुमच्यासारखा रेल्वेचा गँगमन रविवारी क्वार्टरच्या ओसरीवर मूठभर माणसांना हे समजावत बसायचा, आणि माणसं मुकाट्यानं मान डोलवायची. मायनं मात्र डोलवली नाही. नवी नवरी असताना तिनं माहेरून आणलेली दत्ताची तसबीर चुलीच्या वर लावली होती. तुम्ही कामावरून आलात तर ती म्हणते कशी, "तीन तोंडं, धड एक. तुमी सांगता तोच तर देव हाय, आपल्या घरी आधीचाच होता." ही गोष्ट माय आम्हाला पदर तोंडाशी धरून, हसत हसत सांगायची. तुम्ही रागावला नाहीत म्हणे. तसबीर उतरवली, गमछ्यानं पुसली आणि स्वतः जाऊन तिच्या माहेरी देऊन आलात. "तो तुह्या मायच्या घरचा देव हाय, त्याचा मान ठेवाचा. पण हे ते नोहे," एवढंच बोललात. मग काय आहे, असं ती विचारत राहिली आणि तुम्ही सांगत राहिलात, आणि शेवटी समजलं म्हणून नाही तर तुम्ही दमलात म्हणून ती पाण्यात उतरली.

गावामागच्या बोडीत, धानाला पाणी देणाऱ्या त्याच तळ्यात, तुम्ही बाप्तिस्मा द्यायचात. माणसाला कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवायचं, मानेवर हात ठेवायचा आणि पुढे वाकवून बुडवायचं. बापाच्या नावानं एक बुडी, पुत्राच्या नावानं दुसरी, पवित्र आत्म्याच्या नावानं तिसरी. देवरीकडच्या म्हाताऱ्या प्रचारकानं तुम्हाला तसा दिला होता, म्हणून तुम्ही तसाच दिलात. मायला कोणी विचारलं, त्रैक्य म्हणजे काय वं, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मले बाकी काई समजत नाही. पयल्या बुडीले भेव वाटला. दुसरीले नाकात पानी गेलं. तिसरीले यांचा हात मानेवर थरथरून रायला होता. तेवढं मले समजलं."

मला तुम्ही चारचौघांत एकदाच रागावलात. गोंदियाच्या सभेत ऐकून आलेलं मी ओसरीवर मोठ्या ऐटीत सांगत होते की देव पाण्यासारखा आहे, कधी बर्फ, कधी पाणी, कधी वाफ. "बस खाली," तुम्ही म्हणालात. मी घरात जाऊन चुलीपाशी फुगून बसले. माय भातातली पेज गाळत होती. तुम्ही हात धुऊन माझ्यासमोर उकिडवे बसलात. "एकच पानी एका वक्ती बर्फ बी, वाफ बी रायते का? नाही ना. मंग यार्देन नदीवर पाह्य. पुत्र पान्यात उभा हाय. आत्मा कबुतरासारखा उतरून रायला. बाप वरून बोलून रायला, हा माझा लाडका हाय म्हणून. तिघंबी एकाच वक्ती. देव काई सोंगाड्या नोहे, का एकदा हे सोंग अन् एकदा ते. अन् धरला जायच्या आधी बागेत पुत्र कोणाची विनवणी करून रायला होता? सोताचीच?"

मी हट्टानं विचारलं, त्रैक्य हा शब्द शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. तुम्ही म्हणालात, शब्द नाही, गोष्ट हाय. मग ओल्या बोटांनी पानं उलटत बसलात. मोशेनं सांगितलं देव एक. योहानानं पहिल्याच ओळीत सांगितलं की शब्द देवाजवळ होता आणि देवच होता. मत्तयाच्या शेवटी प्रभू जाता जाता तीन नावं सांगून गेला. पौलानं करिंथच्या लोकांना निरोप देताना कृपा, प्रीती आणि सोबत अशी तिघांच्या हातून दिली. "म्हंजे काय, तं जग झालं नव्हतं तवाबी देव एकटा नव्हता. एकट्याले माया करता येत नाही, पोरी." आपल्या नात्यातलं कुणी आपल्या दारात पाय ठेवत नव्हतं तेव्हा. माझ्या डोक्यात ते वाक्य देवाबद्दल म्हणून शिरलंच नाही, आपल्या घराबद्दल म्हणून शिरलं. तरी मी सोडलं नाही. म्हटलं, मग वधस्तंभावर तो ओरडला की तू मला का सोडलंस, तेव्हा कोण कोणाला सोडून गेलं होतं? तुम्ही पुस्तक मिटलंत. मग म्हणालात, "ते मले बी नाही समजत." तुमच्या सगळ्या शिकवणीतलं मला तेवढंच पूर्ण पटलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात मलेरिया तुमच्या डोक्यात चढला आणि तुम्ही गेलात. क्वार्टर सोडावं लागलं. मायनं तुमच्या पेन्शनवर आणि बांधावरच्या तुरीवर आम्हाला वाढवलं. धाकट्याला तुम्ही फक्त गोष्टींतून माहीत. बाप ऐकीव असला की मूल मोठं होऊन दुसरा बाप शोधतं, हे मला फार उशिरा कळलं. काही वर्षांमागे बाहेरून एक उपदेशक आला, दणदणीत आवाजाचा, आणि धाकटा त्याच्या मागे गेला. देव एकच, त्याचं नाव येशू, आणि तीन नावांनी घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असं त्याचं सांगणं. उपदेशक पुढच्या गावी निघून गेला आणि मंडळी धाकट्याच्या गळ्यात पडली. तुम्ही बुडवलेली माणसं एकेक करून त्याच बोडीत पुन्हा बुडाली, एकदाच, पाठीवर आडवी करून, येशूच्या नावानं. राहिली फक्त माय. "मी एका नवऱ्याची, एका बुडवण्याची," ती म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

मी त्याच्याशी भांडले, बाबूजी. पण मी काही तुमच्यासारखी शिकलेली नाही शास्त्र. तो म्हणायचा, "पेत्र काय म्हणाला? येशूच्या नावानं घ्या. कृत्यांच्या पुस्तकात जिथं पाह्यशील तिथं तेच. तीन नावं घेऊन कोणाले बुडवलं असं एक ठिकाण दाखव." मी मत्तयाचा शेवट दाखवला की म्हणायचा, त्या तिघांचं नाव येशूच हाय. मी यार्देन नदी काढली, बाग काढली, पुत्र कोणाशी बोलत होता ते विचारलं. तो म्हणाला, "तू बापाचं बोलून रायली, शास्त्राचं नाही." त्यात थोडं खरं होतं म्हणून मला जास्त झोंबलं.

दिवाळीनंतर मायला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मान मात्र हलायला लागली ती थांबेचना. चहा देऊ का म्हटलं तरी हले, नको देऊ का म्हटलं तरी हले. गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीत कफ आहे, थंडी लागू देऊ नका म्हणून बजावून घरी पाठवलं. मी शनिवारी गाडीनं दरेकशाला जायचे, सोमवारी पहाटे परतायचे. एका रविवारी सकाळी उठून पाहते तर अंगणात माणसं जमलेली आणि मायची खाट बोडीकडे न्यायला उचलायची तयारी चाललेली. मी खाटेला आडवी झाले. धाकट्याला म्हटलं, तिला बोलता येत नाही, तिचं हो तू कुठून आणलंस? "मी विचारलं, तिनं मान हालवली," तो म्हणाला. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यानं माझे हात धरले. "बाई, ती अशीच गेली तं कुठं जाईल, तूच सांग. मी तिले तिथं जाऊ देऊ काय?" त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. तो ढोंगी असता तर बरं झालं असतं, ढोंग्याशी भांडता येतं. मी दोघातिघांना ढकललंही, पण माणसं खाट घेऊन निघाली. मग मी साडी खोचून मायच्या मागे पाण्यात उतरले. थांबवता आलं नाही तर निदान ती तिथे एकटी नको, एवढंच डोक्यात होतं.

पाणी हाडात शिरत होतं. पाठीशी धाकटा, बाजूला मंडळीतला एक माणूस, आणि तिचा डावा, शाबूत हात माझ्या हातात. धाकट्यानं येशूचं नाव घेतलं, तिला पाठीवर आडवी केली, बुडवली, वर काढली. काठावर बायांनी गाणं धरलं. झालं, असं सगळ्यांना वाटलं. आणि मायनं माझ्या हातातला हात सोडवून घेतला, मान पुढे वाकवली आणि तोंड पाण्यात घातलं. पुढे, बाबूजी, तुमच्या पद्धतीनं. "तोल गेला, धरा," तो दुसरा माणूस ओरडला. धाकट्यानं तिला खांद्याला धरून वर ओढलं. ती खोकत होती, नाकातोंडातून पाणी येत होतं. त्यापुढचं शेवटी सांगते.

त्याच दिवशी ताप भरला. आम्ही तिला सालेकशाच्या दवाखान्यात नेलं, तिथून गोंदियाला. छाती घरघरत राहिली आणि आठवडा संपायच्या आत ती गेली. पुरताना धाकट्यानंच प्रार्थना केली, एकाच नावानं. तुम्ही प्रत्येक सभेच्या शेवटी म्हणायचात तो पौलाचा आशीर्वाद त्याच्या मंडळीत आता कुणी म्हणत नाही. माती पडत असताना मी तो मनातल्या मनात म्हटला, कृपा, प्रीती, सोबत. सोबतपर्यंत आले आणि पुढचं राहून गेलं.

नंतर एका सुट्टीच्या दिवशी धाकटा माझ्याकडे गोंदियाला आला. मी चहा ठेवला. तो म्हणाला, "बाई, मायनं बुडी मारली का तिचा तोल गेला? मी मांगून धरलं होतं, तू तिच्या तोंडासमोर होती." मी म्हटलं, बुडी मारली. तो म्हणाला, "किती?" त्यानं का विचारलं ते मला कळलं होतं. एकदा खाली जाणं हे अशक्तपण असू शकतं. त्याची एक आणि तिच्या दोन, म्हणजे तिनं मोजून तीन पुऱ्या केल्या, तर तो तिचा नकार होता, आपल्या शेवटच्या शक्तीनिशी दिलेला. "मले एकदाच दिसली वाकताना," तो म्हणाला. "माझी धरून दोन."

"तीन झाल्या," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मंग तिनं मी दिलेला बाप्तिस्मा घेतलाच नाही. तुह्या बापानं दिला तोच पुन्हा घेतला."

"तुझाही बाप होता तो."

"मले त्याचा चेहराबी नाही आठवत," तो म्हणाला. मग उठला, चपला पायात घातल्या, आणि दाराशी माझ्याकडे पाठ करून बोलला. "मंग मी मायले थंड्या पान्यात घालून मारलं, अन् वाचवलं बी नाही."

मी त्याला थांबवलं नाही. मला बरं वाटलं होतं, बाबूजी, खोटं कशाला बोलू. तुम्ही जिंकलात, माय जिंकली असं वाटलं, आणि त्याचा चेहरा पाहूनही ते लगेच गेलं नाही. आता मंडळीतले सांगतात की तो रविवारी उपदेश करत नाही, दुसऱ्याला उभं करतो आणि मागे बसतो. दर शनिवारी टेकडीखाली जातो आणि तुम्हा दोघांच्या मातीवरचं गवत काढतो. आधी तुमच्या मातीकडे तो फिरकतसुद्धा नसे.

हे पत्र तुमच्या उशाच्या दगडाखाली ठेवावं म्हणून लिहायला घेतलं होतं. पण तो दगड आता तोच उचलतो, खालचं गवत काढायला. त्याच्या हाती लागेल, म्हणून ठेवत नाही, इथेच कपाटात राहील. त्या दिवशी बोडीत मायच्या नाकातोंडातून पाणी येत होतं ते मला बघवलं नाही आणि मी डोळे मिटून घेतले. पुन्हा पाणी हललं, माझ्या कमरेला लागलं, एवढं खरं. ती वाकली म्हणून हललं की त्यानं तिला उचललं म्हणून, हे मला माहीत नाही. तिसरी बुडी मी पाहिली नाही.