पाण्याचा बाक

सोलापूर, ३ मार्च १९३५

चि. हेमावती हीस चन्नवीरमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे वडील, म्हणजे आमचे शरणप्पा दाजी, परवा मोहोळहून येऊन गेले. जेवता जेवता म्हणाले की पोरीचे पुणे आता पुरे झाले, करमाळ्याचे स्थळ बरे आहे. कारण विचारले तर कारण तूच निघालीस. संक्रांतीला घरी आलीस तेव्हा पाण्याचा रेणू कोपरात वाकवलेल्या हातासारखा असतो, असे तू त्यांना सांगितलेस म्हणे. त्यांनी ते मोठ्या कौतुकाने अडतीवर सांगितले. तेव्हापासून मोहोळात त्यांच्यापुढे तांब्या धरताना लोक विचारतात की शरणप्पा, सरळ पाणी चालेल की बाकाचं देऊ? दाजींचे म्हणणे, पाण्याला भांड्याचा आकार असतो हे मोहोळात बसून कळते, त्यासाठी पोरगी पुण्याला कशाला ठेवायची?

माझा घास हातातच राहिला. मी म्हणालो की पाण्याला भांड्याचाच आकार असतो असे मानणारा समाज आपल्या मुलींनाही भांड्यात ओततो, आणि त्या भांड्याच्या आकाराच्या झाल्या की त्यालाच संस्कार म्हणतो. तुझी मामी म्हणाली, आधी ताक घ्या.

शेवटी अट ठरली. येत्या रविवारी मी मोहोळला जाऊन पाण्याला बाक का येतो ते दाजींना पटवायचे. पटले तर तू पदवी होईपर्यंत पुण्यात. न पटले तर परीक्षा न देता घरी, आणि पुढे करमाळा. स्त्रीशिक्षणावरचे माझे दोन तासांचे भाषण तयार आहे. त्यात फक्त बाकाचे कारण तेवढे नाही. ते उलट टपाली पाठव.

मामीचे आशीर्वाद. अभ्यासातून उरेल तो लोभ आम्हाला पुरतो.

तुझा,
चन्नवीरमामा

*

पुणे, ६ मार्च १९३५

तीर्थरूप चन्नवीरमामांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आले आणि मग जेवण गेले नाही. अप्पांची थट्टा माझ्यामुळे झाली, याचे वाईट वाटते. पण पाणी वाकडे आहे, त्याला मी काय करू?

अप्पांना बैलांवरून सांगा. पाण्याच्या रेणूत मधोमध ऑक्सिजनचा अणू असतो. त्याच्या बाहेरच्या फेरीत इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या असतात. एका खुंट्याला चार बैलजोड्या बांधल्या आहेत, असे समजा. एकीला दुसरी जवळ खपत नाही, म्हणून चारही जमेल तितक्या लांब सरकतात. दोन जोड्यांना गाड्या जुंपल्या आहेत. त्या गाड्या म्हणजे हायड्रोजन. उरलेल्या दोन जोड्या मोकळ्या. लांबून बघणाऱ्याला गाड्या तेवढ्या दिसतात, आणि त्या समोरासमोर का नाहीत याचे त्याला नवल वाटते. मोकळ्या जोड्यांनीही जागा धरली आहे, हे त्याला दिसत नाही.

मात्र हे बैल जमिनीवर उभे करून बघायचे नाहीत, मामा. जमिनीवर गाड्या समोरासमोरही येतील. अणूभोवती वर-खालीही जागा असते. तिथे चार जोड्या सराट्याच्या काट्यांसारख्या चार दिशांना जातात. तसे चार काटे घ्या, कोणतेही दोन एका सरळ रेघेत सापडायचे नाहीत. म्हणून बाक येतो. सोबत एक सराटा पाठवते, पाकीट जपून उघडा.

बाक आहे हे मोजून ठरले आहे. कारणावर मोठमोठे लोक अजून भांडताहेत, असे आमचे सर म्हणतात. मला हे कारण पटते. ते भांडण मिटेपर्यंत मला इथे राहायचे आहे. आईला काही सांगू नका, ती उगाच घोर लावून घेईल.

मामींना नमस्कार. या वेळी भाषण थोडे कमी आणि लोभ थोडा जास्त, एवढेच मागणे.

आपली,
हेमावती

*

सोलापूर, ११ मार्च १९३५

चि. हेमावती हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

विजय झाला. तू पुण्यातच राहणार. आता सविस्तर.

पाकीट जपून उघडण्याची सूचना पाकिटाच्या आत होती आणि सराटा बाहेर डोकावत होता. पोस्टमन हल्ली माझ्याशी बोलत नाही.

बैल जमिनीवर उभे करू नका, हे तुझे वाक्य मी वाचले होते. पण श्रोत्यांना प्रत्यक्ष प्रमाण लागते. दाजींच्या दोन जोड्या आणि शेजारच्या दोन, अशा चार जोड्या खळ्यात एका खुंट्याला लांब दाव्यांनी बांधल्या. त्यांतल्या दोन जोड्यांना गाड्या जुंपल्या. निम्मे मोहोळ कुंपणावर चढले. मी गर्जना केली की आता पाहा, निसर्गनियमाने या चार दिशांना जातील.

चारही जोड्या एकाच दिशेला गेल्या. तिकडे कडब्याची गंज होती.

कडबा हा बाह्य प्रभाव आहे, हे मी समजावून सांगेपर्यंत दोन्ही गाड्यांची चाके एकमेकांत अडकली होती. कोणी ओरडले की मास्तर, तुमचं पाणी सांडलं. मी मागे सरलो तो खळ्यातल्या खऱ्याखुऱ्या सराट्यावर. तरी एका पायावर उभा राहून भाषण संपवले. मोकळ्या जोड्यांचे म्हणणे ठासून मांडले की जे दिसत नाही तेही जागा धरते, आणि सगळ्याला आकार त्याचाच येतो. दाजी धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. ते हसून पुसत होते, हे मान्य करतो. जाताना म्हणाले की चन्नवीर, करमाळ्याला उद्या होकार कळवतो.

पण वक्तृत्व उशिरा भिनते. सकाळी दाजी चहा घेताना माझ्याकडे न बघता म्हणाले की शिकू दे तिला, करमाळ्याला नको म्हणून कळवतो. बाक पटला का, असे मी विचारले. ते म्हणाले, पटला.

एका गोष्टीचे मात्र वाईट वाटले. तुझ्या आईने, म्हणजे आमच्या दाक्षायणीअक्काने, आपली ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. माझ्याबरोबर सोलापूरला येते, परत कधी यायचे ते ठरवलेले नाही, असे ती रात्री जेवण वाढताना म्हणाली. मला वाटले, वाचनालयातले माझे व्याख्यान ऐकायला निघाली बिचारी. दाजींना भाकरी गिळेना, कडक असावी. आणि सकाळी दाजींचा निर्णय झाल्यावर अक्काने लुगडी ट्रंकेतून परत काढली. व्याख्यान हुकले तिचे.

पायाला हळद बांधली आहे. पास हो, म्हणजे लोभाला सराटा टोचल्याचे सार्थक होईल.

तुझा,
चन्नवीरमामा

*

मोहोळ, १३ मार्च १९३५

चि. हेमास आईचे आशीर्वाद.

तू सुट्टीत शिकवलंस तसं मीच लिवतेय. अक्षर वाकडं हाय, पाण्यागत.

तुझ्या मामाचं भाषान लई चांगलं झालं. त्याला तसंच कळीव, पोराला बरं वाटंल. मी दाराआडनं समदं ऐकलं. बैलांचं काय कळलं न्हाय. ज्या जोडीला गाडी न्हाय ती दिसत न्हाय, पर जागा धरती, येवढं कळलं.

तुझे अप्पा आता अडतीवर सांगत्यात की पाणी वाकडंच असतंय, माझ्या घरात मी बघितलंय.

लुगडी काढली, पर ट्रंक दाराशीच हाय. अप्पा ती हलव म्हनत्यात. तुझा निकाल लागंस्तवर हलवनार न्हाय.

जेवत जा. माया हाय तशीच हाय, तू तितंच ऱ्हा.

तुझी,
आई