हेरॉन्सचा अर्धा हंगाम आणि बाबांचं पित्ताशय

केलर्सबर्ग,
रविवार, १७ जुलै १९८३

तीर्थस्वरूप लिओनार्डकाका,

राहायला तुम्ही ॲरिझोनात गेलात, पण तुमचे गुडघे अजून केलर्सबर्गच्या बेसबॉल मैदानात फलंदाजामागे उकिडवेच बसलेले आहेत, असं बाबा म्हणतात. आपल्या गावच्या हेरॉन्स संघाकडून एक अख्खा हंगाम खेळलेल्या, आमच्या घरातल्या त्या एकमेव खऱ्या खेळाडूला पुतणी हेडीचा नमस्कार. तिकडच्या कोरड्या हवेने तुमचा खोकला कमी झाला असेल आणि लुसीकाकू तुम्हाला पत्त्यांत फार हरवत नसतील, अशी आशा करते. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

दर वर्षी सत्तर सामने झाले की बाबा तुम्हाला अर्ध्या हंगामाचा आढावा पाठवतात. यंदा त्यांना टेबलाशी वाकून बसवत नाही (कारण पुढे येईल), तेव्हा "चार वर्षं कॉलेजात गेलीस ना, मग लिही" असं म्हणून त्यांनी वही माझ्यापुढे ढकलली. घरात मी पहिली पदवीधर आणि तीही गणिताची, म्हणजे हिशेब चुकायची सोय नाही. आठ संघांतले पहिले दोन शेवटच्या लढतीला, प्लेऑफला, जातात. ड्यूक्सबरी सत्तेचाळीस सामने जिंकून इतके पुढे आहेत की त्यांच्याविषयी लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं. दुसरे लॅनहॅम पोर्टर्स, चाळीस विजय. तिसरे आपण, छत्तीस विजय आणि चौतीस पराभव. खालचे पाच एकमेकांना हरवण्यात गुंतलेले आहेत, त्यांना तसंच गुंतू द्यावं. आपला शॉर्टस्टॉप पस्तीस वर्षांचा आहे आणि चेंडूमागे असा धावतो, जणू गवतात त्याचा चष्मा पडलाय. तुमच्या जागेवर, कॅचर म्हणून, जो उभा आहे त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुमचा रक्तदाब वाढेल. मोठी आशा एकच, डावखुरा पिचर डेलरॉय पिकन्स. वय वीस, बोलतो कमी, आणि त्याचा चेंडू फलंदाजापाशी आला की जिना उतरल्यासारखा खाली जातो. पण आपल्याकडचा चांगला मुलगा म्हणजे फलाटावर बॅग घेऊन उभा असलेला पाहुणा. वरच्या मोठ्या संघाची गाडी आली की चढून जाणार. दर वर्षी जातो, दर वर्षी आपण हात हलवतो, आणि मला आता खरंच हात हलवायचा कंटाळा आलाय. तरीही प्रामाणिकपणे गणित केलं तर प्लेऑफची शक्यता शंभरात तीस येते. गेल्या एकोणीस वर्षांत एवढी कधी आली नव्हती.

पण या घरात माझ्या गणिताला २१ जूनपासून कोणी विचारत नाही. त्या दिवशी मी शाळेतला उन्हाळी वर्ग शिकवून घरी आले, तर ओट्यावर रेडिओ लावून बाबा, आई आणि शेजारच्या ओल्गामावशी पुतळ्यासारखे बसलेले. आई तर बसलेलीही नव्हती. धुतलेल्या कपड्यांची टोपली कंबरेवर घेऊन ती दारातच उभी होती, तिसऱ्या डावापासून. (तिने हलायचं नाही असं ठरलं होतं. तिला कोणी विचारलं होतं की नाही, ठाऊक नाही.) मी बाबांच्या वहीत डोकावले आणि आनंदाने म्हणाले, "अय्या बाबा, सात डाव झाले, पिकन्सने समोरच्यांना एकही हिट दिली नाही!" काका, हे वाक्य सामना चालू असताना उच्चारायचं नसतं, उच्चारलं की पिचरला नजर लागते, हे मला चार वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. पण शिकलेल्या माणसाने असलं काही मानू नये, असं मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. पुढच्याच चेंडूवर हिट. मग आणखी दोन. आपण चार-तीनने हरलो. आईने टोपली खाली ठेवली. ओल्गामावशी माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "चार वर्षं कॉलेजात घातलीत पोरीला, तोंड मिटून बसायचं एवढं कुणी शिकवलं नाही होय?" मी समजावून सांगितलं की आमच्या ओट्यावरचा आवाज तीन मैलांवरच्या मैदानात पोचत नाही. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "मग वीज कडाडली की छातीवर क्रॉसची खूण कशाला करतेस गं?"

आता पित्ताशयाकडे येते. एप्रिलमध्ये हंगामाच्या पहिल्याच, हरत चाललेल्या सामन्याच्या चौथ्या डावात बाबांनी तळलेल्या कांद्याबरोबर एक सॉसेज खाल्लं आणि हेरॉन्स जिंकले. तेव्हापासून चौथा डाव आला की सॉसेज. मे महिन्यात पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टर फेनविकनी खडे असल्याचं सांगून उकडलेला बटाटा लिहून दिला आणि १२ ऑगस्टला शस्त्रक्रियेसाठी जागा देऊ केली. त्याचा होकार सोमवारी, २५ तारखेला द्यायचाय. नंतरची जागा थेट नोव्हेंबरात, आणि तोवर पित्ताशय फुटलं तर जिवावर बेतेल, असं त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं. बाबा म्हणतात, हेरॉन्सना आशा आहे तोवर मी दवाखान्यात झोपणार नाही, चौथ्या डावात कोण खाणार? मी म्हटलं, मी खाते. "तू एकदा बोललीस तेवढं पुरे," बाबा म्हणाले. तेव्हा मी त्यांचीच वही घेतली, यातला भाबडेपणा आकड्यांनी दाखवून द्यावा म्हणून. सॉसेज खाल्लं ते एकतीस सामने: बावीस विजय, नऊ पराभव. आईचा डोळा होता म्हणून बटाट्याचे एकोणचाळीस: चौदा विजय, पंचवीस पराभव. मी तीनदा मोजलं. हा योगायोग आहे. मी आणखी एकदा मोजणार आहे.

बाकी क्षेम. हा आढावा बाबांनी वाचलाय. माझ्या तक्रारींवर त्यांचं काही म्हणणं नाही, फक्त शॉर्टस्टॉप छत्तीसचा आहे असं ते म्हणतात. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
हेडी

ता. क. इथून पुढचं बाबांनी वाचलेलं नाही. काल कळ ओसरल्यावर ते म्हणाले, "लिओनार्ड म्हणाला हंगाम संपला, तर संपला. मग उद्या कापा मला." काका, तसं सांगा ना. वर मी शंभरात तीस लिहिलंय आणि ते खरं आहे. आकडा कुणासाठीही वाकवायचा नाही, असं मी वर्गातल्या एकतीस मुलांना वर्षभर शिकवलं. तरी माझ्यासाठी तुम्ही हा एवढा वाकवा. कॅचरच्या नजरेने बघितलं, हेरॉन्समध्ये काही राहिलं नाही, असं काहीतरी. आई रात्रभर जागी असते.

ता. क. २. फोन करू नका. खोटं बोलताना तुम्हाला खोकला येतो आणि बाबांना तो ओळखू येतो. तार करा. पत्र मी एक्सप्रेसने टाकतेय, गुरुवारपर्यंत मिळेल. मिळाल्याबरोबर तार करा.

ता. क. ३. मिळाल्याबरोबर नको. शनिवारी करा. गुरुवारी आणि शुक्रवारी आपला सामना पोर्टर्सशीच आहे. दोन्ही जिंकलो तर अंतर निम्मं होतं. सोमवारपर्यंत वेळ आहेच, शनिवारची तार पुरते. मी आज चर्चबाहेर डॉक्टर फेनविकना गाठलं आणि बोटभर सॉसेज एखाद्या दिवशी चालेल का, असं सहज विचारलं. ते म्हणाले, "अजिबात नाही. वेड लागलंय का तुम्हाला?" मी बरं म्हणून निघाले. ते मागून आले आणि हळूच म्हणाले, "शुक्रवारी पिचर कोण आहे?" मी सांगितलं, पिकन्स. त्यांनी मागे वळून चर्चच्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

"अर्धं बोट," ते म्हणाले. "कांदा नको."