आतली माणसं: शून्य

११ नोव्हेंबर
पोचले एकदाची धामणगाव बढेला! पुण्यात आई सगळ्यांना सांगत सुटली आहे की नीरजा धान्याच्या गोदामात नोकरीला लागली. ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी पोती उचलते. मॅनेजर सुधाकररावांनी आल्या आल्या पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि तुमचं यंत्र कुठंय म्हणून विचारलं. यंत्र नाहीच, हे समजावताना माझी दमछाक झाली. गोदामात हवा, ओल आणि उष्णता मोजणारे साधे सेन्सर आहेत. त्यांच्या आकड्यांवरून माझं सॉफ्टवेअर ताडतं की आत किती माणसं श्वास घेताहेत. माणसं मोजणारा सेन्सर आभासी, नुसता हिशेब. सुधाकररावांना हे भलतंच आवडलं. जी वस्तू आणायचीच नाही ती बिघडणार कशी, म्हणाले.

१३ नोव्हेंबर
कीड मारायला इथं पोत्यांच्या थप्प्यांमध्ये विषारी गोळ्या ठेवतात आणि दाराच्या फटी चिखलानं लिंपतात. मग आठवडाभर कोणी दार उघडत नाही. आधी हमालांचे मुकादम कचरूभाऊ एकेकाला नावानं हाक मारून बाहेर काढायचे. आता दाराबाहेरच्या पडद्यावर शून्य दिसलं की लिंपायचं, असा सुधाकररावांचा हुकूम. कचरूभाऊ खूश आहेत, घसा वाचला म्हणतात.

१७ नोव्हेंबर
गोदामात माणूस नाही, दाराला कुलूप, आणि पडद्यावर एक. मागच्या कोपऱ्यात, हरभऱ्याच्या थप्पीमागे. जाऊन पाहिलं, कोणी नाही. उंदीर म्हणावा तर श्वास माणसाएवढा. कचरूभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "काऊन विचारून राह्यल्या ताई? तिथं आमची मनकर्णाबाई झोपे. मांगच्या वर्षी तिले हाक आयकूच गेली नाई." ती झाडलोट करायची; दार लिंपलं तेव्हा आतच राहिली. म्हणूनच माझं सॉफ्टवेअर घेतलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

२० नोव्हेंबर
गोदामाचे मालक पाहणीला येणार आणि पडदा एकवरच अडून बसलेला. शेवटी सॉफ्टवेअरला सांगितलं, त्या कोपऱ्यातला श्वास हिशेबात धरूच नकोस. लगेच शून्य. मालकांनी टाळ्या वाजवल्या, मला कायम केलं. माझ्या फोनवर मात्र मूळ आकडा दिसतोच. एक. जेवणाला चव लागत नाही.

२४ नोव्हेंबर
उद्या गोळ्या ठेवणार. तिथं खरंच कोणी असेल तर मी त्याला पुसून टाकलंय. सांगायला हवं. सांगितलं तर नोकरी जाईल. दोन्हीचं काही वाटत नाही. बधीर झालेय.

२५ नोव्हेंबर
हमाल पुढे गोळ्या मांडताहेत. कोणाला न सांगता मागे आले, एकदा डोळ्यांनी खात्री करायला. कोपऱ्यात कोणी नाही. जरा टेकले. उठावंसं वाटेना —

पुढे हमालांची चाहूल नाही. फोनवर दोन.

दार लागलं. ओरडले. पोत्यांनी आवाज गिळला. मी याच कोपऱ्यात, म्हणजे बाहेर पडद्यावर शून्य. चिखल थापताहेत. कचरूभाऊ कशावर तरी हसले.

रेंज नाही. गोदामाच्या वायफायवर फक्त आकडा येतो.

उठायला गेले. ओढणी अडकली. अडकली नाही, धरलीय —

गोळ्यांचा लसणासारखा वास. पाय जाणवत नाहीत. शेजारी कोणी श्वास घेतंय, संथ, झोपेतल्यासारखा.

आकडा एक झाला. शेजारचा श्वास तर चालूच आहे, मग माझा —