हेब्रॉनमधला चौथा बाक

१४ ऑक्टोबर, बुधवार

गेले. शेवटी गेलेच! आमच्या प्रार्थनाघराचा, हेब्रॉन चॅपलचा, पब झाल्यापासून त्या दारात पाय टाकायचा नाही, हे इतकी वर्षं पाळलं. आज मेरेरिदच्या वाढदिवसापायी मोडलं. एकुलती भाची. म्हणाली, "आत्या, तू चहाच पी. तुला तिथे कोणी धरून पाजत नाही."

रस्त्यावरचं मोठं दार बुजवलंय. शिरायचं ते मागच्या अंगाने. सज्जा पाडलेला. आणि आमच्या व्यासपीठाचं कोरीव लाकूड – तेच, गव्हाच्या लोंब्यांचं – दारूच्या काउंटरला लावलंय. ते पाहिलं आणि डोकं चालेनासं झालं. पाय आपोआप चालले. व्यासपीठापासून चौथा बाक, डावीकडचा. आजोबा, बाबा, आई, भाऊ इद्वाल, मी. ज्या घराचा जो बाक, तिथे दुसऱ्याने बसायचं नाही, हे आमच्या नांटवेन गावात पोराला बोलायच्या आधी कळतं.

तिथे एक म्हातारे गृहस्थ जेवत होते. एकटेच. मटणाचा रस्सा, पाव, अर्धा ग्लास बिअर.

मी म्हणाले, "उठा. हा आमचा बाक आहे."

मुद्दाम वेल्श सोडून इंग्रजीत, कळावं म्हणून. वर्गातला आवाज. आणि ते उठले! माफी मागितली, एका हातात वाडगा, दुसऱ्यात ग्लास घेतला आणि काउंटरशी जाऊन उभ्याने जेवू लागले. मेरेरिद लालबुंद. मी बसले. बसले, हे लिहून ठेवते.

पबचा मालक गेथिन माझाच विद्यार्थी. चहा ठेवताना हळूच म्हणाला, "बाई, आता बाक नावावर नसतात हो इथे."

१५ ऑक्टोबर

झोप नाही. चहा संपवला होता मी. वर केकसुद्धा मागवला.

१८ ऑक्टोबर, रविवार

मेरेरिद आज येऊन सगळं ऐकवून गेली. ते मिस्टर थॉर्नबी. पुलापलीकडचं घर घेतलेले इंग्रज. नोकरी संपल्यावर नवराबायको इकडे राहायला आली. दर बुधवारी दोघं त्याच बाकावर जेवायची. बायको, जोन, मार्चमध्ये गेली. तेव्हापासून ते बुधवारचेच काय ते घराबाहेर पडतात, माणसांशी दोन शब्द बोलतात.

"आणि तू त्यांना उभं केलंस," मेरेरिद म्हणाली. "शाळेत आम्हाला करायचीस तसं."

मी म्हटलं, बाहेरच्या माणसाला आपल्या रीती काय कळणार. तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकवेना.

२१ ऑक्टोबर, बुधवार

गेथिनला फोन केला. थॉर्नबी आले नाहीत. येतील हो, म्हणाला. त्याचा त्यालाच भरवसा नव्हता.

माफीची चिठ्ठी लिहायला बसले. एका पानात तीनदा 'तथापि'. फाडली.

२४ ऑक्टोबर

पुलापर्यंत जाऊन परत आले. मेरेरिदला सांगितलं, पाऊस होता. नव्हता.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

आज दार वाजवलं. त्यांनी उघडलं तर अंगात स्वेटर उलटा. आत बोलावलं, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. मी पाठ करून गेले होते ते बोलायच्या आत त्यांनीच माफी मागितली! कोणी आधी सांगायला हवं होतं म्हणाले. इतकी वर्षं आपण दुसऱ्याच्या जागेवर बसलो, जोनला कळतं तर ती लाजेने मेली असती. तिथे थांबले.

मी म्हटलं, चूक माझी, उद्या या. मान हलवली. हल्ली घरीच अंडं उकडून घेतो, सोपं पडतं म्हणाले.

"तुमच्या घराण्याची जागा आहे, बाई. आता मला तिथे घास उतरणार नाही."

मग मला सुचलं. म्हटलं, ठीक. जागा आमची ना? मग मी ती तुम्हाला देते. चार लोकांसमक्ष देते.

२८ ऑक्टोबर, बुधवार

आले! स्वेटर सुलटा, वर टाय. पब भरलेला. मी काउंटरपाशी उभी राहिले आणि सांगितलं की तीन पिढ्या आमच्याकडे असलेला हा बाक आजपासून मिस्टर थॉर्नबी यांचा, तिथून त्यांना कोणी उठवायचं नाही. टाळ्या पडल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आमच्या वेल्शमध्ये आभार मानले. उच्चार भयंकर. डोळे भरलेले. मग बसले आणि रस्सा दोनदा घेतला.

गेथिनने माझ्यापुढे शेरीचा छोटा पेला ठेवला. नको म्हटलं नाही. येताना फार हलकं वाटलं. आजोबांना हे पटलं असतं.

१ नोव्हेंबर, रविवार

इद्वालला भेटायला वृद्धाश्रमात गेले. चॅपलचा शेवटचा कारभारी तोच. पबचं काम सुरू झालं तेव्हा रोज तिथे उभा असायचा. सगळी हकिगत सांगितली. जरा ऐटीतच. तो खोकला लागेपर्यंत हसला.

"अगं, काउंटर आहे ना, तिथे आपलं मोठं दार होतं. व्यासपीठ उखडून त्या टोकाला नेलं त्यांनी. तू उलटीकडून मोजलंस. तू दिलास तो त्या दाराजवळचा. तिथले बाक कोणाच्या घरचे नव्हतेच. परगावचा पाहुणा आला तर त्याला बसायला ठेवलेले ते."

मी विचारलं, आणि आपला?

"आपला कापला. पुरुषांच्या मुतारीचं दार झालंय."

बुधवारी जाईन. सगळ्यांसमक्ष सांगेन. मग थॉर्नबींना विचारेन – इथे बसू का?