आईचं नाव इकडे आणायला

ताई,

बाबांना घेऊन मतदार नोंदणीच्या कार्यालयात गेलोय. त्यांचा पत्ता बदलून या घराचा करायचा, एवढंच काम होतं. पण चपला घालता घालता म्हणाले, "तुझ्या आईचंही नाव इकडे आणू. मी एकटाच इकडे आलो तर तिकडे ती मोकाट सुटेल."

तुला माहीतच आहे, दर निवडणुकीला दोघं एका छत्रीतून जायचे आणि विरुद्ध पक्षांना मत देऊन एकमेकांचं मत फुकट घालवून यायचे. लोकशाहीला उपयोग शून्य, संसार मात्र टिकला.

मी म्हटलं, "बाबा, आईला जाऊन वर्ष होत आलं."

"मला सांगतोस? उशाशी मीच बसलो होतो."

तेव्हा घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. मृत्यूचा दाखला त्यांनीच पिशवीत घातलाय, अगदी तळाशी. आईचं ओळखपत्र मात्र शर्टाच्या खिशात, स्वतःच्या ओळखपत्राला लावून.

खिडकीवरच्या बाई नियमाप्रमाणे तिचं नाव कमी करणार. ते बाबांनी परक्याच्या तोंडून ऐकू नये, म्हणून रांगेत मी पुढे उभा राहीन.

दूध तापवून ठेवलंय. आम्ही आलो की काही विचारू नकोस. रात्री जेवताना मात्र आईच्या पक्षाची बाजू घेऊन त्यांच्याशी कडकडून भांड. परवा मी घेऊन बघितली, तर लगेच म्हणाले, "बरोबर आहे तुझं."