चारचौघांत

आबा, तुम्ही आईच्या थोबाडीत मारलीत तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत बसले होते. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी तो आवाज आठवला की माझे हात आहेत तिथं थांबतात.

बहात्तरचा दुष्काळ. पाथर्डीच्या रस्त्याला खडी फोडायचं काम निघालं होतं, आणि शाळेत शिकवून झालं की तुम्ही थेट तिथं, मजुरांमध्ये जायचात. त्या दिवशी मुकादमानं एका बाईच्या पाठीत काठी घातली. बायकांनी हातातल्या खडीचे दगड उगारले आणि तुम्ही मध्ये जाऊन उभे राहिलात. एक दगड तुमच्या खांद्याला लागला, तरी हलला नाहीत. "दगड खाली ठेवा. आपण हात उचलला तर आपल्यात आणि ह्याच्यात फरक काय?" मुकादम त्या बाईची माफी मागत नाही तोवर सगळ्या बायका रस्त्यात बसून राहणार, असं ठरलं. रात्री तुमच्या खांद्याला मी हळद लावली. असा बाप अख्ख्या तालुक्यात कुणाला नसेल, असं मला वाटत होतं. चौदा वर्षांची होते मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सात-आठ माणसं घेऊन घरी आलात आणि ओसरीवरूनच चहा सांगितलात. आई विहिरीच्या तळातून वाटीवाटीनं कळशी भरून नुकतीच आली होती. ती दारात उभी राहिली. "प्यायाला पानी न्हाई, च्या कशाचा करू? बायांना उन्हात बसवून आलात, आता मला बी बसवा." कुणीतरी हसलं. तेवढंच. तुम्ही उठलात, आणि तो आवाज झाला. आई चौकटीला टेकली आहे, पदर गालाला लावून. रडत नाही. तव्यावरची भाकरी जळते आहे आणि मला ती उलटता येत नाही. बाहेर माणसं वहाणा शोधतात, एकेक करून निघून जातात.

सकाळी मी तुमच्या मागोमाग रस्त्यावर आले. तुम्ही काही घडलंच नाही अशा थाटात बोलाल, याची मला भीती वाटत होती. मुकादमही येऊन उभा होता. तुम्ही म्हणालात, "काल मी माझ्या बायकोवर हात उचलला. ह्याला माफी माग म्हणायला मला तोंड नाही." बायका बघतच राहिल्या. मुकादमालासुद्धा कुठं बघावं कळेना. मग काठी खाल्लेली ती बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मास्तर, तुमी घरी जाऊन मागा. ह्याचं आमी बघतो."

त्यांनी बघितलं. आणखी दोन दिवस बसल्या, आणि मुकादमानं तिच्यापुढे हात जोडले. तुम्ही मात्र कबुली दिलीत त्याच सकाळी घरी येऊन शेजारपाजाऱ्यांदेखत आईपुढे हात जोडलेत. दुसऱ्या दिवसापासून खांद्यावर घागर घेऊन तुम्हीच पाण्याला जाऊ लागलात. गाव हसलं, तुम्ही जात राहिलात.

मला केवढा अभिमान वाटला होता! "आई, आबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं," असं मी तिला सांगितलं. ती पीठ चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "चारचौघांत मारलं म्हनून चारचौघांत सांगितलं. एरवी कुठं सांगत्यात?"

एरवी. तिच्या हातातली चाळण तशीच फिरत होती. मी उठून अंगणात गेले.

तुम्ही गेलात त्या वर्षी शोकसभेत मी ही गोष्ट सांगितली. आबांनी आयुष्यात एकदाच हात उचलला आणि ते जगापुढे कबूल केलं, असं म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. पुढं शिबिरांतून पोरापोरींना अहिंसा शिकवताना हेच सांगत आले. त्या सभेत आई पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी मागच्या रांगांकडे बघून बोलत होते.

तुम्हाला हे पोचायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. तुमच्यानंतर आई सोळा वर्षं माझ्याजवळ राहिली. 'एरवी' म्हणजे किती वेळा, ते मी तिला कधीच विचारलं नाही, आबा. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.